मालकांची म्हातारी

आमच्या घरमालकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भिंत चाटत होते.

हे मी सांगायला लागलो की ऐकणारा हमखास विचारतो, "चाटत म्हणजे?" चाटत म्हणजे चाटत. जीभ बाहेर काढून. जर्मनीत नेकारसुल्मला गाड्यांच्या कारखान्यात माझी नुकतीच बदली झाली होती, बायको आणि लेक अजून पुण्यातच होत्या, आणि मी इस्त्रीचा शर्ट घालून, पगाराची पत्रकं, शुफाचा म्हणजे उधारी थकवत नसल्याचा दाखला, कंपनीचं शिफारसपत्र अशी जाडजूड फाइल काखोटीला मारून घर बघायला गेलो होतो. दार उघडंच होतं. आत साडेसहा फुटी, सत्तरीकडे झुकलेला एक माणूस खिडकीखालच्या भिंतीला तोंड लावून वाकलेला. मी खाकरलो. त्यांनी जीभ आत घेतली, वरणात मीठ बघतात तशी दोनदा चव घेतली आणि म्हणाले, "खारट नाही. नुसती ओल आहे. बरं तर, या आत."

मी फाइल पुढे केली. ती त्यांनी घेतलीच नाही. मला एकच प्रश्न विचारला. "भिंत ओली झाली तर काय कराल?"

आता बघा, मी वीस वर्षं गाड्यांच्या रंगाच्या क्वालिटीत काढलेली. हा प्रश्न म्हणजे परीक्षेत आपलाच धडा आल्यासारखा. मी छाती काढून सांगितलं, "उत्तम प्रतीचा वॉटरप्रूफ रंग मारू. दोन हात."

मालकांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या आजारी नातवाला पोत्यात घालून तोंड शिवून टाकतो म्हणालो होतो. घर गेलं, हे मला तिथेच कळलं. पण फोनवर व्हिडिओ चालू होता, बायको पुण्यातून घर बघत होती. ती म्हणाली, "अरे, ओल आहे तर खिडक्या उघडू म्हणावं. वाळेल की आपोआप." मी पडलेल्या तोंडाने ते जर्मनमध्ये सांगितलं. मालक ओरडले, "गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर, आणि किल्ली माझ्या हातात. फाइल आजतागायत कुणी उघडलेली नाही.

त्या घरात आम्ही सात वर्षं राहिलो. आता गार्चिंगला आहोत, पण 'घर' म्हटलं की मला तेच आठवतं. मालक वर राहायचे, आम्ही खाली. ते गवंडी होते. निवृत्त, पण फक्त कागदावर. 'मालक' हे नाव हिने ठेवलं, कारण त्यांच्या आडनावात तीन व्यंजनं एकाला एक खेटून होती आणि हिची जीभ दर वेळी त्यात अडकायची. महिन्याभरात ते 'मालक' म्हटल्यावर ओ द्यायला लागले. अर्थ सांगितला तेव्हा म्हणाले, "चूक. घराचा मालक कुणी नसतो. राखणदार असतो."

राखण मात्र फार कडक होती. आमच्या कुकरची पहिली शिट्टी झाली तेव्हा ते आग विझवायचं सिलिंडर घेऊन दारात हजर. ही हातात डाव घेऊन पुतळा, मी बनियनवर पुतळा. कुकर म्हणजे काय हे समजावून दिलं तेव्हा त्यांना आणखी मोठा धक्का बसला. "म्हणजे ही वाफ तुम्ही रोज भिंतीला पाजता?" तेव्हापासून ते वरून शिट्ट्या मोजायचे. तिसरी झाली की जिन्यावर पावलं वाजायची. खिडकी उघडी दिसली की मुकाट्याने परत जायचे. लेक तेव्हा पाच वर्षांची होती. तिला बरेच दिवस वाटत होतं की भात शिजला की मालक येतात, ही निसर्गाची रीत आहे.

मागच्या अंगणात त्यांची तीन पिंपं होती, झाकणाला दगड ठेवलेली. मी आपलं समजलो, वाइन. एकदा ते नाहीत असं बघून झाकण उचललं, तर आत पांढराशुभ्र, लोण्यासारखा गोळा. चुना. कळीचा चुना पाण्यात भिजवून, वर दोन बोटं पाणी ठेवून वर्षानुवर्षं मुरवलेला. आपल्याकडे लोक लोणची मुरवतात, याने चुना! एका पिंपावर लेकीच्या जन्माचं साल लिहिलेलं होतं. त्यांना विचारलं तर म्हणाले, "हा अजून कोवळा आहे."

आणि मग ती म्हातारी.

दर शुक्रवारी दुपारी मालक जुन्या व्हॅनमध्ये चुन्याचा डबा, थापी, छिन्न्या आणि पावाची लांब दांडी टाकून निघायचे. कुठे, तर "म्हातारीकडे." रविवारी संध्याकाळी पांढऱ्या धुळीने माखलेले परत. म्हातारीचं डावं अंग सर्द आहे. म्हातारीला या थंडीत फार त्रास झाला. म्हातारी जरा श्वास घ्यायला लागली आहे. हिने दोन वेळा त्यांच्याबरोबर तिच्यासाठी शिरा दिला. दुसऱ्या खेपेला डबा परत आला तेव्हा हिने विचारलं, "आवडला का हो त्यांना?" मालक गोंधळले. शिरा त्यांनीच खाल्ला होता. म्हातारी नऊशे वर्षांची होती, फ्रान्समध्ये होती, आणि दगडाची होती.

सीमेपलीकडे, आमच्यापासून तीन तासांवर, एका खेड्यातलं चर्च. शंभर घरं, एक पाणवठा, एक चर्च. मालकांच्या स्वयंपाकघरात जेवणाच्या टेबलावर त्याचा नकाशा कायमचा चिकटवलेला होता. त्यावरच ताट ठेवायचे. मनोऱ्यावर रश्शाचे डाग पडलेले होते. मला चहाला बोलावलं की चमचा फिरवत सांगायला लागायचे. पूर्वेकडचा हा अर्धगोल भाग सगळ्यात जुना. आपल्या गाभाऱ्यासारखा. भिंती हातभर नव्हे, माझ्या पसरलेल्या दोन्ही हातांएवढ्या जाड, आणि खिडक्या अशा की बाहेरून फटी, आतून पसरट, म्हणजे चिमूटभर उजेड आला तरी परातभर पसरावा. मग मनोरा. त्याला खाली दारच नाही, चढायचं ते शिडीने. लुटारू आले की सगळं गाव, लेकरंबाळं, कोंबड्यासुद्धा मनोऱ्यात, आणि शिडी वर ओढून घ्यायची. "देवाचं घर असं असावं," मालक म्हणायचे, "कोंबडीला जागा पाहिजे."

मधलं लांब दालन दोनशे वर्षांनंतरचं. आणि ते वाकडं आहे. दारात उभं राहिलं की गाभारा सरळ समोर येत नाही, किंचित डावीकडे कलतो. मी माझ्या धंद्याला जागून लगेच म्हटलं, "डिफेक्ट." कुणी म्हणतात क्रुसावर येशूची मान कलली होती, त्याची ती खूण. मालकांना ते मान्य नव्हतं. "दोरी ओली होती," ते म्हणाले. "दुसऱ्या गवंड्याने पावसात माप घेतलं. ओली दोरी आखडते. मग बांधलेलं कोण पाडणार? तसंच पुढे नेलं बिचाऱ्याने." सातशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाची चूक ते इतक्या मायेने सांगायचे की मला भरून यायचं. माझ्या एका चुकीसाठी माझा साहेब तीन मीटिंगा घेतो.

पण एका माणसाला मात्र त्यांच्याकडे माफी नव्हती. त्याचं नाव ते घ्यायचे नाहीत, नुसतं "तो गाढव." या गाढवाने काही दशकांपूर्वी गाभाऱ्याला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता. छान, गुळगुळीत, करडा. दगडातली ओल बाहेर पडायची वाटच बंद. आतल्या आत खाराचा लोणा धरला, दगड कुजायला लागला. मालक सहा वर्षं ते सिमेंट नखाएवढं नखाएवढं सोलून काढत होते आणि खाली मुरलेल्या चुन्याचा गिलावा देत होते. दर रविवारी जिन्यावरून चढताना हताशपणे सांगायचे, "त्या गाढवाने काम मात्र पक्कं केलंय हो."

तिकडे गावातली जुनी चर्चेस सरकारची नाहीत आणि धर्मगुरूंचीही नाहीत, गावपंचायतीची असतात. किल्ली महापौरांच्या हातची. एवढ्याशा खेड्यालाही महापौर असतो, आपला सरपंच समजा. परक्या देशातल्या परक्या म्हाताऱ्याला त्यांनी किल्ली दिली कशी, याचं मला नवल वाटायचं. मी एकदा विचारलं. मालकांनी ताटाखालचा मनोरा पुसला आणि विषय बदलला.

सासूबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या तेव्हा हे सगळं असं चाललेलं होतं. मूळच्या सांगलीच्या, पानाचा शौक. हाइलब्रॉनच्या आशियाई दुकानात हिने त्यांना विड्याची पानं मिळवून दिली, कातसुपारी त्यांनी बॅगेतून आणलीच होती. चुना तेवढा संपला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीतून बघतो तर सासूबाई अंगणात, पिंपाचं झाकण उघडं, आणि करंगळीवर वाटाण्याएवढा चुना घेऊन त्या पानाला लावताहेत. तेवढ्यात मालक कोपऱ्यावरून वळले. पान तोंडात गेलं, आणि मालकांच्या हातातली सायकल पडली.

"नोटआर्ट्स्ट! नोटआर्ट्स्ट!" म्हणजे तातडीचा डॉक्टर. मी अनवाणी धावलो. सासूबाई शांतपणे चघळत म्हणाल्या, "जावईबापू, सांगा त्यांना, चुना चांगला आहे. जिभेला भाजत नाही. बरीच वर्षं मुरलेला दिसतोय."

मी सांगितलं. मालकांनी पिंपाचं झाकण लावून त्यावर दगड ठेवला. मग म्हणाले, "मला पण द्या." आणि त्यांनी विडा खाल्ला, उभ्याउभ्या, डोळे मिटून. लाल तोंडाने मला म्हणाले, "या बाईंना म्हातारीला भेटवलं पाहिजे."

असे आम्ही पिंग्स्टनच्या, म्हणजे मे-जूनमधल्या ख्रिस्ती सणाच्या, सुट्टीत शनिवारी सकाळी त्या खेड्यात पोचलो. मालक दोन दिवस आधीच गेले होते. दारात उभे होते, चक्क धुतलेला शर्ट, केस पाण्याने बसवलेले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बारा वाजता महापौरबाई येणार आहेत. गावात कुरकूर सुरू आहे की सहा वर्षं झाली, काम संपत नाही. किल्ली माझ्याकडे ठेवायची की काढून घ्यायची, आज ठरणार." त्यांची मोठी बोटं शर्टाच्या बटणाशी चाळा करत होती. "आणि आत कुणी कशाला हात लावू नका. मूर्तीच्या कपाळाची भेग मी काल भरली आहे. चुना ओला आहे."

मी मान डोलावली. भाषांतराचं खातं माझ्याकडे. पण तेवढ्यात त्यांनी मनोऱ्याचं शिडीचं दार दाखवलं आणि मी कोंबड्यांचा विचार करत त्यांच्या मागे गेलो. सासूबाई, ही आणि लेक आत गेल्या. मी सांगायचं विसरलो. पुढे जे झालं त्याला मी जबाबदार आहे, हे माझ्या सासरी सर्वांना माहीत आहे आणि सणावारी त्याची आठवण करून दिली जाते.

आम्ही मनोऱ्याच्या पायथ्याशी होतो तेव्हा आतून आवाज आला. "अगंबाई!" आणि पाठोपाठ लेकीची किंकाळी, "आजी, झी ब्लूटेट!" म्हणजे, तिला रक्त येतंय.

आम्ही धावलो.

गाभाऱ्यात डावीकडे एक कोनाडा होता. त्यात हातभर उंचीची दगडी बाई, मांडीवर मूल. बाईचं नाक कधीचं झिजलेलं, मुलाचा एक हात गेलेला. आणि तिच्या कपाळावर, बरोबर मध्यभागी, लालभडक ठिपका. बघता बघता त्याची कड आणखी लाल होत होती. समोर सासूबाई हात जोडून उभ्या होत्या. हातात करंडा.

"मी फक्त हळद लावली हो!" त्यांचा आवाज चिरकला. "लेकुरवाळी बाई, कपाळ मोकळं, तशीच कशी निघू मी? आधी हळद लावली. कुंकवाचं झाकण तर अजून उघडलंसुद्धा नाही! तिने आपणहून कुंकू उमटवून घेतलं!"

मी खरंच सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. इंजिनिअरिंगची चार वर्षं एका क्षणात उतरली. हीसुद्धा पदर नसताना पदर डोक्यावर घ्यायला गेली.

मालक भिंतीसारखे पांढरे झाले होते. "काय लावलं?" हळद. "पिवळी? आणि माझा चुना ओला..." ते खाली बसले. "ओल्या चुन्यावर हळदीचा पिवळा रंग लाल होतो."

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या दचकल्या. "अहो खरंच की! कुंकू चुना-हळदीचंच तर करतात. आमच्याकडे माझी आत्या करायची." मग जरा थांबून म्हणाल्या, "तरी पण."

त्या वेळी सव्वाअकरा वाजले होते. आणि मी, ज्याला कंपनी रंगातले डाग शोधायचा पगार देते, मी काय करावं? गाडीतून ओले टिश्यू आणले आणि घासायला लागलो. नऊशे वर्षांची बाई. तीन वेळा घासलं. टिळा होता त्याचा मळवट झाला.

"बाबा, हॉर आउफ!" लेक ओरडली. थांबलो. मालक बाकावर गुडघ्यांत हात घालून बसले होते. माझ्या डोळ्यांसमोर महापौरबाई, किल्ली, आणि सात वर्षं ज्यांनी आमच्या खिडक्या राखल्या त्यांचं उतरलेलं तोंड.

मी म्हटलं, "मालक, डब्यात चुना आहे ना? ब्रशने एक हात मारा. दोन मिनिटांत पांढरं. कुणाला कळणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भिंतीला वॉटरप्रूफ रंग मारू म्हणालो होतो त्या दिवशी पाहिलं होतं त्याहून वाईट. "नाही," ते म्हणाले. "झाकायचं काम या चर्चमध्ये एकदा झालंय."

सासूबाईंना शब्द कळले नाहीत, पण हातवारे कळले. "झाकू नका आणि पुसू तर मुळीच नका, जावईबापू, पुरे झालं तुमचं. हळद आहे ती. ऊन दाखवलं की जाते. साड्यांवरची जाते, ही का नाही जाणार?"

मी सांगितलं. मालकांनी खिडकीकडे बघितलं. या गाभाऱ्यात कोणत्या महिन्यात ऊन कुठवर येतं, हे त्यांना तोंडपाठ. "या कोनाड्यात ऊन फक्त हिवाळ्यात येतं. वीस मिनिटं." मग ते उठले, धर्मगुरूंच्या कपडे बदलायच्या खोलीत गेले आणि भिंतीवरचा आरसा काढून घेऊन आले. दक्षिणेच्या खिडकीतून फरशीवर उन्हाची एक चौकट पडली होती. त्यात त्यांनी मला उभं केलं, आरसा हातात दिला, माझी कोपरं धरून वाकवली. उन्हाचा गोळा बाईच्या कपाळावर जाऊन बसला. "हलायचं नाही," म्हणाले.

(तो डाग पूर्ण जायला पुढे सगळा उन्हाळा लागला. पण त्या वेळी आम्हाला काय माहीत.)

आणि बाराला वीस मिनिटं असताना दार वाजलं. महापौरबाई आल्या. साठीच्या, रबरी बूट घातलेल्या, तशाच गोठ्यातून आलेल्या. त्यांनी जे पाहिलं ते असं: फरशीवर एक घामाघूम भारतीय गृहस्थ आरसा धरून उभा, एक नऊवारीतली बाई हात जोडून पुटपुटतेय, आणि गावाच्या माउलीच्या कपाळावर रक्त. त्या उंबऱ्यातच थिजल्या. क्रुसाची खूण करायला उचललेला हात छातीपाशी अडकला.

"काय आहे हे?" त्या भागात जुनी माणसं जर्मनसारखीच एक बोली बोलतात, त्यामुळे मला कळलं.

"मी केलं," मी म्हणालो. तेवढ्यात गोळा बाईच्या मानेवर घसरला, तो मी परत वर आणला.

"मी केलं, सांगा त्यांना," सासूबाई म्हणाल्या.

मालक पुढे झाले. "यांची चूक नाही. ओला चुना होता, मी समोर आडवी दोरी बांधायला हवी होती. ती बाई पाहुणी आहे. तिने मान दिला." वाटलं संपलं. पण त्यांनी खिशातून ती मोठी लोखंडी किल्ली काढली आणि बाकावर ठेवली.

"आणखी एक आहे. बाहेरचं सिमेंट. ते मी केलं होतं."

आरसा माझ्या हातून सुटता सुटता राहिला. मी हिच्याकडे बघितलं, ही माझ्याकडे. सहा वर्षं आम्ही त्या गाढवाला दिलेल्या शिव्या ऐकत होतो. मीसुद्धा भरीस भर म्हणून दोनचार घातल्या होत्या.

मालक फरशीकडे बघून बोलत होते. त्यांच्याकडे कसब शिकून झालं की तरुण कारागीर तीन वर्षं आणि एक दिवस गावोगाव हिंडतो, घराच्या आसपास फिरकायचं नाही असा नियम. काळा कोट, टोपी, हातात काठी. तसे ते बावीस वर्षांचे असताना या गावात आले. वस्तादाने दोन महिन्यांचं काम दिलं होतं, यांनी पाच आठवड्यांत उरकलं. सिमेंट नवीन होतं, झपाट्याने व्हायचं. गावाने पाठ थोपटली, जेवण दिलं. पुढे चाळीस वर्षं ते विसरूनही गेले. निवृत्त झाल्यावर, बायको तेव्हा हयात होती, तिला घेऊन आले, तरुणपणी मी काय केलं ते बघ म्हणून. "कोपऱ्यात सिमेंट जरा सुटलं होतं. मी आत बोट घातलं," ते म्हणाले, "आणि दगड पिठासारखा हातात आला. परत जाताना गाडी बायकोनेच चालवली."

मी उभा होतो तिथून महापौरबाईंचा चेहरा दिसत होता. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी रबरी बुटाने फरशीवरचा चिखल जरा बाजूला केला.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या.

मालकांनी मान वर केली.

"गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना माहीत आहे. मागच्या भिंतीवर, वेलीखाली, खिळ्याने काढलेली तुमची अक्षरं आहेत. लहानपणी आम्ही त्यांत पायाचा अंगठा रोवून वर चढायचो. तुम्ही किल्ली मागायला आलात आणि अर्जावर सही केलीत, ती माझ्या वडिलांनी बघितली. म्हणाले, देऊन टाक. ज्याने घातलं त्यालाच काढू दे."

एवढा मोठा माणूस, बाकाची पाठ धरून उभा होता.

"पण मग तुम्ही सहा वर्षांत सगळीकडचं सिमेंट काढलंत, तेवढी एक भिंत सोडून," बाई म्हणाल्या. "आम्ही वाट बघत होतो. मग लोक म्हणायला लागले, हा तेवढं ठेवणार आणि तसाच मरणार. मी आज तेच विचारायला आले होते." त्यांनी बाकावरची किल्ली उचलून आपल्या एप्रनच्या खिशात टाकली. "किल्लीचं मग बघू. आधी भिंत."

"केव्हा?"

"आत्ता काही काम आहे तुम्हाला?"

आम्ही सगळे मागे गेलो. मीही, आरसा बगलेत तसाच. मालकांनी वेल कापली. खाली अक्षरं होती, हाताएवढी, तरुण माणसाच्या तोऱ्यात काढलेली, शेवटच्याला लांब शेपूट. खाली साल. महापौरबाई हाताची घडी घालून उभ्या राहिल्या, अजिबात मदत न करता. मालकांनी छिन्नी टेकवली. ज्या माणसाला मी सात वर्षांत एकदाही चुकलेलं पाहिलं नव्हतं, त्याचा पहिला घाव निसटला आणि अंगठ्यावर बसला. दुसराही. "देवाचं नाव घ्या," सासूबाई हळूच म्हणाल्या, मराठीतच.

तिसऱ्या घावाला अख्खा पापुद्रा एकदम खाली आला. आम्ही दचकून मागे सरलो. मागे काही धरलेलंच नव्हतं. दगड काळा, ओला, बंद तळघरासारखा वास भपकन बाहेर आला. मालकांनी त्याच्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

अक्षरांचा तुकडा भाकरीएवढा, धड राहिला होता. ही म्हणाली, "आठवण म्हणून ठेवा ना तुम्ही." मी सांगितलं. मालकांनी तो उचलला, पालथा करून मागची बाजू बघितली आणि घमेल्यात, बाकीच्या खपल्यांवर टाकला.

महापौरबाईंनी एप्रनमधून किल्ली काढली, त्यांच्या शर्टाच्या खिशात सोडली. खिसा वजनाने खाली ओढला गेला. "उद्या प्रार्थना आहे," त्या म्हणाल्या, "दार नऊला उघडायचं." आणि बूट वाजवत गोठ्याकडे निघून गेल्या.

मालकांनी रक्ताळलेला अंगठा तोंडात घातला, माझ्याकडे बघितलं.

"घमेलं भरलंय," म्हणाले. "ओतून या."

मी आरसा सासूबाईंकडे दिला. त्यांनी तो पदराने पुसला, आणि ऊन सरकायच्या आत पोचायला हवं म्हणून लगबगीने आत गेल्या.